बारा वर्षं उभ्या बुलेटला किक मारण्याआधी

तुमचा प्रश्न वाचला. काकांची 1987 ची बुलेट स्टँडर्ड, जुनं कास्ट आयर्न (बिडाचं) इंजिन, कराडजवळ गावी गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये बारा वर्षं उभी. काकांचे गुडघे गेलेत म्हणून ते चालवत नाहीत आणि म्हणाले घेऊन जा. एका मेकॅनिकने नुसते फोटो बघून सांगितलं की फुल रिस्टोरेशन करावं लागेल, लाखभर धरून चाला. दुसरा म्हणाला भंगार झालंय, चाळीस हजार देतो, उद्याच टेम्पो पाठवतो. तुम्हाला लडाखला वगैरे जायचं नाही, रविवारी आसपास फिरायचंय आणि जमलं तर स्वतः पाना हातात धरायचाय. आणि विचारताय की लाख घालू की चाळीस घेऊ.

आधी एक सांगतो, भंगाराला कोणी चाळीस हजार देत नाही राव, भंगार किलोवर जातं. तो माणूस चाळीस देतोय म्हणजे त्याला त्या गाडीत काहीतरी दिसतंय, बहुतेक जुना नंबर आणि कागद. आणि लाख सांगणाऱ्याने इंजिन एकदाही फिरवून बघितलेलं नाही. म्हणजे दोन आकडे तुमच्यासमोर आहेत आणि दोन्हीच्या मागे तपासणी शून्य. लाख की चाळीस हा प्रश्न नंतरचा, आधी ही गाडी आतून कशी आहे ते बघायला हवं, आणि ते बघायला लाख लागत नाहीत, दोन शनिवार-रविवार, थोडं तेल आणि सबुरी एवढंच लागतं. मी बरीच वर्षं कास्ट आयर्नच करतोय, पोटाचा धंदाही तोच आणि रविवारचा नादही तोच, आणि उभ्या राहिलेल्या गाड्यांचं माझं मत ठरलेलं आहे: आधी चालू करा, मग थोडी चालवा, मग काय खोलायचं ते ठरवा. उलट्या क्रमाने जाणारे लोक चकाचक रंगवलेली आणि तरीही सुरू न होणारी गाडी घेऊन माझ्याकडे येतात.

आता हे सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे गाडी उभी का राहिली. काकांजवळ बसून नीट विचारा. चालू गाडी आणून लावली आणि मग कोणी हात लावला नाही, की काही आवाज यायला लागला, तेल संपवून चालवली, गरम होऊन अडकली म्हणून लावली? पहिलं असेल तर तुमची शक्यता खूपच चांगली. दुसरं असेल तर खाली मी जे सांगतोय त्यातलं बरंचसं करूनही शेवटी इंजिन खोलावंच लागेल. दुसरी गोष्ट, प्लग जागेवर होता का. प्लग काढून कोणी नेला असेल आणि भोक तसंच उघडं राहिलं असेल तर बारा पावसाळ्यांची दमट हवा थेट सिलिंडरमध्ये गेलीय. तिसरं म्हणजे गोठा. गोठ्याच्या वाफेने क्रोम आणि वायरिंगचे जोड लवकर जातात, त्यामुळे बाहेरून गाडी फार भयानक दिसेल, त्याला घाबरू नका, बाहेरच्या गंजाचा आणि आतल्या इंजिनाचा तसा थेट संबंध नसतो.

पाना हातात घ्यायच्या आधी कागद. हे कंटाळवाणं आहे पण पहिलं हेच. 1987 ची गाडी म्हणजे एमएच सिरीज सुरू व्हायच्या आधीची, तुमच्याकडे जुना तीन अक्षरांचा नंबर असणार. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, त्यानंतर दर 5 वर्षांनी तपासणी करून रिन्यू करायचं. आरसी बुकात शेवटचं रिन्यूअल कधीचं आहे ते बघा. मग त्या नंबरची नोंद परिवहनच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये दिसते का ते बघा. एवढ्या जुन्या गाड्यांची बऱ्याचदा दिसत नाही, मग ज्या आरटीओला मूळ नोंद आहे तिथे जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते, आणि ते झाल्याशिवाय ना रिन्यूअल होत, ना नावावर होत, ना नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मिळत. काका हयात आहेत हे फार सोपं पडतं, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्यांच्या सह्या घेऊन ठेवा, वारसाच्या फॉर्म 31 च्या भानगडीत पडायला नको. रिन्यूअलचा फॉर्म 25. आरसी बुक सापडत नसेल तर आधी डुप्लिकेटची खटपट. फी, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड हे आकडे अधूनमधून बदलतात त्यामुळे मी सांगत नाही, आरटीओत विचारूनच हिशोब करा, कारण बारा वर्षांची थकबाकी असेल तर ती रक्कम टायरपेक्षा जास्त होऊ शकते. कागदच उभे राहत नसतील तर गाडीवर पैसे घालायचे की नाही हा वेगळाच विचार होईल, म्हणून म्हणतो हे पहिलं.

आणि कुणी सांगेल की व्हिंटेजमध्ये टाका, तर ते नियम 50 वर्षांच्या पुढच्या गाड्यांना आहेत, तुमची बसत नाही. पंधरा वर्षं झाली की गाडी बादच, असंही कुणी सांगेल. ते दिल्लीकडचं, आपल्याकडे तपासणीत पास होऊन रिन्यू होत असेल तर चालते.

आता गाडी. पहिल्या भेटीत किक मारायची नाही. पुन्हा लिहितो, किक मारायची नाही, गावातली पोरं गोळा होतील, कोणीतरी पैलवान म्हणेल मी मारतो, त्याला चहा पाजा आणि लांब बसवा. इतकी वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला हलक्या गंजाने धरून बसलेल्या असू शकतात, आणि वरून दणका दिला की रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडा जातो. जी गोष्ट दोन दिवसात तेलाने सुटली असती तिचं बोअरिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचं काम होऊन बसतं.

प्लग काढा. त्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा, मी इंजिन ऑइल आणि डिझेल अर्धं-अर्धं घेतो. दोन दिवस तसंच राहू द्या, भोकावर फडकं. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, चौथ्या गिअरला टाका आणि मागचं चाक हाताने पुढे ढकलायचा प्रयत्न करा, झटका नाही, सावकाश जोर, पुढे थोडं, मागे थोडं. टॉप गिअरमध्ये चाकाकडून इंजिन फिरवायला कमी जोर लागतो आणि हाताला नेमकं कळतं की अडकतंय कुठे. सुटलेलं इंजिन असेल तर चाकाबरोबर आत पिस्टन वरखाली होताना प्लगच्या भोकातून फुस् फुस् हवा येते, तिथे बोट धरून बघा. हा आवाज आला की निम्मं काम झालं समजा. नाही हललं तर अजून तेल, अजून तीन-चार दिवस. आठवडाभराने पण दगड असेल तर हेड (वरचं झाकण) आणि ब्लॉक (सिलिंडर) काढायचा, तोही या इंजिनाला मोठा विषय नाही, ब्लॉक वर उचलून घेतला की सगळं उघड्यावर येतं, गंज वरवरचा असेल तर नुसतं होनिंग (आतून हलकं घासणं), खोल असेल तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन.

इंजिन फिरतंय म्हटल्यावर तेल. इथे बुलेटची एक खासियत आहे जी कम्युटर बाइकवाल्या मेकॅनिकला माहीत नसते. हे ड्राय सम्प इंजिन आहे. म्हणजे तेलाची टाकी क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या) ओतकामात मागच्या बाजूला आहे, पंप तिथून तेल उचलून फिरवतो आणि खाली पडलेलं तेल परत टाकीत पाठवतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत झिरपत क्रँकच्या खाली साठतं. वरून झाकण उघडून बघणाऱ्याला वाटतं तेल संपलंय, तो वर अजून दोन लिटर ओततो, आणि मग सुरू केल्यावर ब्रीदरमधून (इंजिनाची हवा सोडणाऱ्या नळीतून) तेलाचं कारंजं आणि मागे धुराचा ढग. मग निष्कर्ष काय, तर रिंगा गेल्या, इंजिन खोला. त्यामुळे आधी खालचे सगळे ड्रेन बोल्ट काढून जुनं तेल पूर्ण काढा, जे निघेल ते पांढऱ्या कागदावर बघा. काळं असेल तर काही नाही, दुधाळ असेल तर पाणी गेलंय, चमचमणारी पितळी किंवा चंदेरी कणी दिसली तर थांबा आणि ती मला दाखवा. फिल्टर बदला, नवं 20डब्ल्यू50 भरा, सव्वादोन लिटरच्या आसपास बसतं. गिअरबॉक्सचं तेल वेगळं आणि डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनकेसचं (इंजिन ते क्लचच्या चेनच्या डब्याचं) वेगळं, या गाडीत तेल तीन ठिकाणी असतं हे लक्षात ठेवा. त्या चेनकेसचं मोठं झाकण मधल्या एकाच नटवर आहे, तेल गळतं म्हणून लोक तो नट आवळत सुटतात आणि झाकण वाकवतात, गळती मात्र आतल्या रबरी सीलची असते.

टाकी. पेट्रोल सडून तळाशी डांबरासारखं झालेलं असेल आणि त्याखाली गंज. टाकी उतरवून आत बारीक स्वच्छ खडी आणि रॉकेल घालून मनसोक्त हलवा, धुवा, पुन्हा तेच, मग उन्हात पूर्ण वाळवा. पेट्रोल कॉक नवा टाका, पाइप नवा टाका, मध्ये पारदर्शक फिल्टर टाका. आता पंपावर ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं, त्यामुळे जुना पाइप, जुनी वॉशरं ठेवूच नका, आणि पुढेही गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवून मगच लावा. कार्बोरेटर मिककार्बचा साधा आहे, खोलून जेट कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा, जेटमध्ये तार घालू नका, तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी कधीच ट्यून होत नाही. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर, ही दोन्ही गावच्या शेडमधल्या गाडीत जवळपास नक्की असतात. आधीच बघून घ्या, नाहीतर तासभर किक मारून लक्षात येतं की सायलेन्सर बंद आहे.

वायरिंगवर वेळ घालवू नका. उंदरांनी कुरतडलेलं असणारच, नवं हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) तयार मिळतं, तेच घाला. फक्त तुमची सिस्टीम 6 व्होल्टची आहे की 12 ची ते बॅटरीवर आणि बल्बवर बघून मग सामान आणा. पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा छोटा स्विच, मात्र स्वतः बघा. उजव्या बाजूला पॉइंटचं झाकण उघडलं की आत दोन टोकं दिसतील, त्यांच्यावर पांढरट-हिरवट थर बसलेला असतो आणि त्यातून करंट जात नाही. बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पूर्ण उघडलेल्या जागी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवा, कंडेन्सर नवा टाका कारण तो स्वस्त असतो आणि जुन्याचा भरवसा नसतो. आता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील, त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला शिकायचंय ना, मग पॉइंटवर शिका.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या फटीचं सांगतो कारण ते करताना मजा येते. उजव्या बाजूला ब्लॉकला लागून एक छोटं झाकण आहे, एका नटवर. ते काढलं की दोन पुशरॉड खाली दिसतात. इंजिन एकदम थंड पाहिजे, पिस्टन कॉम्प्रेशनला वर पाहिजे, आणि मग पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. तो गोल सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. फिरतच नसेल तर टाइट, टकटक हलत असेल तर लूज. गेज वगैरे काही नाही, बोटच गेज. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, नंतर गप्पा मारत होतं.

मग सुरू करायचं. पुढचं मागचं सगळं जागेवर, प्लग नवा. क्लच दाबून एकदा किक सावकाश खाली न्या, क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असतात त्या सुटतात. चावी ऑन करा आणि हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरकडे बघा. किक हळूहळू पायाने दाबत जा, काटा मायनसकडे जातो आणि परत मधे येतो. पॉइंट मिटले की मायनस, उघडले की मधे. किक जिथे पायाला घट्ट लागते तिथे कॉम्प्रेशन आलं. आता डाव्या हाताशी डिकॉम्प्रेसरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) छोटा लिव्हर आहे तो ओढा, किक अगदी बोटभर पुढे सरकवा, लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या, आणि मग एकच लांब, पूर्ण खालपर्यंत जाणारी किक. जोर नाही लागत, लांबी लागते. पायात बूट हवा, चपलेवर नाही, कारण ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं असेल तर किक उलटी मारते आणि घोटा सुजतो.

सुरू झाली की लगेच रेस करू नका. आधी तेल वर पोचतंय का बघा: हेडवर रॉकरकडे जाणारी तेलाची बारीक पाइप आहे, तिचा बोल्ट थोडा ढिला करा, इंजिन आयडलवर असताना तिथून तेल पाझरायला हवं. मिनिटभरात पाझरलं नाही तर बंद करा, पंप तेल उचलत नाहीये. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला साधा बुश आहे, रोलर बेअरिंग नाही, आणि तो बुश पूर्णपणे तेलाच्या पातळ थरावर जगतो. तेलाशिवाय दोन मिनिटं जोरात फिरवलात तर चांगलं इंजिन तुमच्या डोळ्यांदेखत खराब होतं, आणि मग खरोखरच लाखाचं काम निघतं.

तेल येतंय म्हटल्यावर दहा मिनिटं चालू द्या आणि कान द्या. सुरुवातीला भरपूर धूर येणार, तुम्हीच सिलिंडरमध्ये तेल ओतलंय, ते जळणार. अर्ध्या तासाने, इंजिन तापल्यावरही निळा धूर सतत येत असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. थंड असताना वरून कटकट आणि गरम झाल्यावर कमी होत असेल तर पिस्टनचा आवाज, कास्ट आयर्नमध्ये तो चालतो, त्यावर झोप घालवू नका. वरची बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट, ते बोटाने होतं. पण खालून, क्रँककेसमधून, रेस दिली की जड ठक् ठक् येत असेल आणि गरम झाल्यावर वाढत असेल, तो आवाज मात्र बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या त्या खालच्या टोकाचा, तिथे गाडी बंद करायची आणि क्रँक बाहेर काढायचा. बुलेटमध्ये आवाज असतातच, कोणता आवाज पैशाचा आहे एवढंच ओळखायचं. आणि एक सोपी परीक्षा: इंजिन बंद, कॉम्प्रेशनवर किक आणून तिच्यावर हळूच उभे राहा. किक तुमचं वजन दोन-तीन सेकंद तोलून धरत असेल तर कॉम्प्रेशन चांगलं, लगेच खाली बसली तर व्हॉल्व्ह किंवा रिंगांपैकी काहीतरी गळतंय.

ब्रेक आणि टायर हे मी शेवटी लिहितोय पण रस्त्यावर नेण्याआधी ते झालेच पाहिजेत. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून ठेवू नका, बारा वर्षांत रबर कडक होतं, टायर-ट्यूब दोन्ही चाकांची नवीच, 19 इंची रिम आहे, साइज सहज मिळते. टायर काढल्यावर रिमच्या आत रिबनखाली गंज बघा आणि आऱ्या एक एक वाजवून बघा. ड्रम उघडले की शूचं अस्तर हाताने ओढून बघा, जुनं अस्तर शूपासून सुटतं आणि चालत्या गाडीत चाक जाम करतं. केबला सगळ्या नव्या. पहिल्याच दिवशी तिच्यावर बसून पुण्याला निघू नका, टेम्पोत घालून आणा, वाटेत खंबाटकीचा घाट आहे आणि बिनपरीक्षेच्या ड्रम ब्रेकची परीक्षा तिथे घ्यायची नसते.

आता चालवण्याबद्दल, कारण याचा तुम्ही उल्लेखच केला नाही, कदाचित काकांची गाडी कधी चालवलेली नसेल. तुमच्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आहे आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आयुष्यभर डाव्या पायाने गिअर टाकलेल्या माणसाला हे सपाट रस्त्यावर अर्ध्या तासात जमतं, आणि समोर अचानक म्हैस आली की अर्ध्या सेकंदात विसरतं: उजवा पाय दाबतो ब्रेक समजून, पडतो गिअर. म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात फक्त अचानक थांबायची सवय करा, वेगाने जायची नको. गिअर पेडलजवळ टाचेने दाबायचा एक छोटा लिव्हर आहे, तो न्यूट्रल फाइंडर, पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रल, सिग्नलला फार कामाचा. वेगाचं म्हणाल तर 70 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोकचं लांब इंजिन आहे, त्याला पन्नास-साठला धकधक करत जाऊ द्या, त्यातच त्याचं सुख आहे आणि तुमचंही. पसरणीचा घाट उतरताना खालच्या गिअरला उतरा, ड्रम तापले की ब्रेक पकडत नाही. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट-बोल्ट एकदा फिरून आवळा, हादऱ्याने सुटतात, आणि तेल बदला, आतला जुना गाळ त्याच्यात आलेला असतो.

पान्यांचं एक. या गाडीचे बरेच नट इंची मापाचे आहेत, जुन्या विलायती पद्धतीचे, तुमचे 10-12-14 चे पाने त्यांच्यावर जवळजवळ बसतात, आणि जवळजवळ बसणारा पाना नटाचे कोपरे खातो. इंची पान्यांचा एक साधा सेट घ्या, जुन्या बाजारात बरा मिळतो.

रंग आणि क्रोमचं माझं मत कडक आहे. टाकीवरच्या सोनेरी रेषा चेन्नईच्या कारखान्यात हाताने ब्रश धरून मारायचे. तुमच्या टाकीवर त्या थोड्याफार शिल्लक असतील तर त्यांना हात लावू नका, धुवा, पॉलिश करा, बस. सँडब्लास्ट करून नवा रंग मारला की गाडी चमकते, पण मूळ काम परत आणता येत नाही. हँडल, मडगार्ड, क्रोम हे सगळं नंतर कधीही होतं, घाई कसली. आणि चेसिस नंबर आणि इंजिन नंबरवर पावडर कोटिंगचा थर बसू देऊ नका, कोणी घासून काढणार नाही हे बघा. आरटीओच्या कामाला चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो, तो अक्षर अक्षर वाचता आला पाहिजे, नाहीतर चांगली गाडी कागदावर अडकते.

खर्चाचं विचारलंत म्हणून. इंजिन फिरत असेल आणि खालून ठोका नसेल, तर टायर-ट्यूब, ब्रेक शू, केबल, हार्नेस, बॅटरी, तेल आणि किरकोळ सामान मिळून माझ्या अंदाजाने वीस-पंचवीस हजारांत गाडी रस्त्यावर येते, कागदाचा खर्च वेगळा. ब्लॉक-पिस्टन करायचं झालं तर त्यावर आणखी, क्रँक निघाला तर बराच आणखी. सामानाची काळजी नको, कास्ट आयर्न इंजिन साधारण 2010 पर्यंत बनत होतं त्यामुळे पार्ट मिळतात, फक्त स्वस्तातल्या डुप्लिकेटपासून लांब राहा, त्यापेक्षा तुमचा जुना मूळ पार्ट दुरुस्त होत असेल तर तो बरा. आणि तेवढं करून, दोन-चार महिने चालवून तुम्हाला वाटलं की हे आपलं काम नाही, तर विका की, चालू आणि कागद पूर्ण असलेली 1987 ची स्टँडर्ड चाळीसला कोणी मागणार नाही, जास्तच मागेल.

मिस्त्री शोधताना वय बघा. पन्नाशीच्या पुढचा, ज्याच्याकडे आत्ता एखादी उजव्या गिअरची गाडी कामाला उभी आहे असा. त्याला सांगा, एकदम सगळं नाही, टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याचे पैसे त्या त्या वेळी. जे कबूल करेल त्याच्याकडे जा, जो म्हणेल "गाडी सोडून जा, महिन्याने फोन करतो", त्याच्याकडे नको. काढलेला प्रत्येक जुना पार्ट, अगदी तुटकासुद्धा, पोत्यात घालून घरी न्या. सध्या मात्र दोनच गोष्टी करा, आरसी बुक शोधा आणि प्लग काढून तेल घाला. चाक फिरलं की नाही ते आणि काढलेल्या तेलाचा पांढऱ्या कागदावरचा फोटो इथेच टाका, पुढचं त्यावरून सांगतो.